पन्नास मिनिटांवरचं तासिरुआक

आमच्या उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात, इकालुविकच्या विमानतळावर पाटी आहे : तासिरुआक, दोनशे तीस किलोमीटर, पन्नास मिनिटं. दक्षिणेकडच्या कुणा हुशार साहेबाने ती लावली. पाटी ठोकून तो गेला तो गेलाच. त्याचं विमान तरी वेळेवर सुटलं असावं.

उलायुकला त्या पाटीवाचून गत्यंतर नव्हतं. तिचा नवरा पाउलुसी थंडीत देवाघरी गेला आणि वसंतात तासिरुआकला तिची लेक लीटिया बाळंत झाली. गेलेल्याचं नाव बाळाला दिलं, मग बाळ मुलगा असो की मुलगी, की माणूस घरी परततो, आणि मग म्हाताऱ्या आजीनेही त्या तान्ह्याला ‘अहो’ म्हणायचं, ही आमची रीत. पण विहीणबाई नाउजाक तिथेच मुक्काम ठोकून होत्या आणि त्यांचीही थोरली बहीण नुकतीच वारली होती. फोनही त्याच उचलायच्या.

“बाळ गोड आहे हो! तुम्ही या सावकाश.”

उलायुक रोज वाळवलेल्या माशांचं गाठोडं घेऊन विमानतळावर जायची. तिकिटं देणारा जोसेफी तिचा भाचा.

“पन्नास मिनिटांत पोचशील, आत्या.”

“हे तू सोमवारपासून सांगतोयस!”

“मी कुठे, पाटी सांगते. मी फक्त वारा बघतो.”

अखेर एके सकाळी विमान उडालं. उलायुकने हात जोडून देवाचं नाव घेतलं आणि तिचा डोळा लागला. तासिरुआकवर धुकं दाटलेलं. पायलटने घिरट्या घातल्या, कंटाळला, माघारी वळला. आमच्याकडचे विमानतळ म्हणजे एकाच साच्यातल्या पिवळ्या शेडी. उलायुक झोपेतच उतरली आणि समोर दिसला त्या पहिल्या माणसाच्या गळ्यात पडली.

“अभिनंदन! नाव ठेवलं का बाळाचं?”

“आत्या,” जोसेफी म्हणाला, “माझं अजून लग्नच जमत नाही.”

गावच्या रेडिओवर दिवसभर हाच विषय चालला. संध्याकाळी दीर मोझेसी दारात उभा राहिला.

“वहिनी, विमानात बसायची हौस फिटली ना? मग आता पोचायचं का?”

त्याच्या बर्फगाडीमागच्या घसरगाडीवर, हरणाच्या कातड्यांत गुंडाळलेली उलायुक गोठलेल्या समुद्रावरून दोन दिवस आदळत-आपटत गेली. पोचली तेव्हा अंगाचं एकही हाड जागेवर नव्हतं.

दार विहीणबाईंनी उघडलं. डोळे सुजलेले. आत बाळाने टाहो फोडला होता.

“नाव ठेवून झालं,” त्या म्हणाल्या. “माझ्या बहिणीचं.”

“मग रडतंय का?”

नाव चुकलं की बाळ रडतं, हे विहीणबाईंनाही ठाऊक होतं.

“आई, जन्मल्यापासून थांबलं नाही गं,” लीटिया म्हणाली.

उलायुकने बाळ छातीशी धरलं आणि कानाशी हळूच म्हटलं, “पाउलुसी.”

बाळ क्षणभर थांबलं. मग दुप्पट किंचाळलं, मुठी आपटल्या, तोंड लालबुंद.

“बघा!” विहीणबाईंना जोर आला. “हेही नकोय त्याला!”

“नकोय कसं?” उलायुकचा चेहरा उजळला. “उशीर झाला म्हणून चिडलेत! संसारभर मी हेच ऐकलंय. अगदी हाच सूर!”

विहीणबाईंनी कानांवर उशी दाबली. “न्या बाई तुमचा नवरा. मला झोपू द्या.”

“अहो,” उलायुक डोळे पुसत त्या लालबुंद तोंडाला म्हणाली, “ओरडता काय? आले ना मी!”