कॅनॉलच्या चढावर जळालेला क्लच

क्लच जळाला आणि नाव माझं झालं. तोंडानं कुणाला सांगता येत नाही, म्हणून लिहिते.

गाडी लातूरहून जुनीच आणलेली. नवऱ्याच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याला क्लच दाबवेना, म्हणून आपोआप गिअर पडणारी घेतली. विकणारा म्हणाला होता, "हिला क्लचच न्हाई, मग जळायचं काय?" ते वाक्य आमच्या घरात आरतीसारखं पाठ झालं. गिअरचं तेल बदलायचं कुणी म्हटलं की नवरा तेच ऐकवायचा.

पायाखाली दोनच पेडल, म्हणून मीही शिकले. अर्धापूर ते हदगाव, एवढंच माझं जाणं. हदगावला माझी आई एकटी राहते. खुब्याचं हाड मोडल्यापासून तिला धरून बसवून न्हाऊ घालावं लागतं. दर बुधवारी सकाळची धार काढून मी निघायचे, आईची अंघोळ, वेणीफणी करून संध्याकाळच्या धारेला परत. एसटीनं हे जमत नाही. चारचौघांत माझं तोंड उघडत नाही, पण गाडीत एकटी असले की आईला काय काय सांगायचं ते मोठ्यानं म्हणून बघायचे.

आमचं केळीचं रान कॅनॉलच्या पलीकडं. पुलाचा चढ खडा आहे. नवऱ्याचं अर्धं आयुष्य ट्रॅक्टरवर गेलं. चढावर ट्रॅक्टर ब्रेक न लावता हाफ क्लचवर थोपवून धरायची त्याची जुनी खोड. ही गाडीही तो तशीच धरायचा. समोरून कुणी आलं की काच खाली, ब्रेकवरचा पाय वर, जराशी रेस, आणि गप्पा सुरू. "बघा, ब्रेक न्हाई का काई न्हाई. पुढं न्हाई, मागं न्हाई. जागेवर!" माणसं वाहवा करायची. मी मागच्या सीटवर. मला चुलीला पदर लागल्यासारखा वास यायचा. एकदा म्हटलं, "अहो, जळका वास येतोय." तर म्हणाला, "कुणी पाला पेटवला असंल."

पुढं गाडी जागेवरून उठताना थरथरायला लागली. मग समोर लाल दिवा लागला. तो लागला तेव्हा गाडी माझ्या हातात होती, एवढाच माझा गुन्हा.

धाकटा दीर जेवताना म्हणाला, "चौथी शिकल्याल्या बाईच्या हातात ऑटोमॅटिक दिल्यावर दुसरं काय हुईल? वैनीनं पाट्यावर वाटण वाटल्यागत गिअर वाटला असंल." सासूबाई हसल्या. नवरा खाली मान घालून जेवत राहिला. उठताना खिळ्यावरची किल्ली त्यानं खिशात टाकली.

पाच बुधवार मी गेले नाही.

नांदेडला गाडी दाखवायला मला सोबत नेलं, मिस्त्रीपुढं उभं करायला. "हिला विचारा काय केलं ते," नवरा म्हणाला. मिस्त्रीनं मला काही न विचारता गाडीला मशीन लावलं, बघितलं आणि म्हणाला, "चला मालक, एक चक्कर मारू. तुम्हीच चालवा."

उड्डाणपुलाच्या चढावर गर्दी थांबली. नवऱ्याचा पाय सवयीनं ब्रेकवरून उठून रेसवर गेला. गाडी थरथरली, तोच वास आला.

"मालक, ब्रेक मारा, ब्रेक! क्लच भाजून राहिले ना तुम्ही!"

"हिला क्लच कुठं हाय?"

"एक न्हाई, दोन हायत. एक-तीन-पाच गिअरला एक, दोन-चार-सहाला दुसरा. पेडल न्हाई म्हणून क्लच न्हाई, हे कुणी सांगितलं? रेसवर धरली की आतल्या आत घासतो. थांबलं की पाय पुरा ब्रेकवर. गर्दीत इंच इंच सरकायचं न्हाई, पुढं जागा हुऊ द्यायची. आन् तेल येळेवर." मग मागं वळून म्हणाला, "ताईंनी न्हाई जाळला. हा रोज चढावर धरून जळाल्याला हाय."

नवऱ्याचे कान लाल झालेले मला मागून दिसत होते.

नवे क्लच बसले. कॉम्प्युटर लावून गाडीला ते नव्यानं शिकवावे लागतात म्हणे. गाडी शिकते तरी.

घरी सासूबाईंनी विचारलं, "काय झालं व्हतं रे?" आणि हा माणूस माझ्यादेखत म्हणाला, "मशीनच नाजूक. बाईमाणसाचं काम न्हाई ते." मी परातीत पीठ मळत होते. हातून पिठात इतकं पाणी पडलं की भाकरी थापता येईना. क्लच जळाला, जळू दे. पण ह्याला कळलं होतं. कळूनसुद्धा बोलला.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. तो अंघोळीला गेल्यावर त्याच्या सदऱ्यातली किल्ली काढली आणि निघाले. आईच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. फणी चालेना, कात्रीनं कापाव्या लागल्या. ती एवढंच म्हणाली, "बरी हायस ना?" मी तिला पाठमोरी बसवून रडले.

परत आले तर नवरा अंगणात. "किल्ली दे."

मी किल्ली पदराला गाठ मारून बांधली. "तुमच्या आईसमोर आन् भावजींसमोर सांगा, क्लच कुणी जाळला. मग देते."

"लई बोलाय लागलीस."

अजून त्यानं सांगितलेलं नाही. किल्ली माझ्या पदराला बांधलेली आहे. तो दिराच्या मोटारसायकलवर मागं बसून, दुखरा पाय आखडून रानात जातो. बुधवारी मी हदगावला जाते.