होणाऱ्या जावयाचे कान आणि माझा गळा

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या बुवा, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात माझी पुरती शोभा झालीय. तीही कुणासमोर? होणाऱ्या व्याह्यांसमोर!

आम्ही मूळचे नागपूरकडचे. सरकारी नोकरीनं लखनौला आणून टाकलं आणि गोमती नगरातच मुरलो. माझा आवाज म्हणजे कसा, तर मी बाल्कनीतून "भैया, भिंडी ताज़ी है?" असं ओरडलो की आमच्या सब्जीवाल्याच्या आधी पलीकडच्या गल्लीतला उत्तर देतो. त्यात गाण्याची हौस! आईच्या तोंडून ऐकलेली हळदीची गाणी ढोलकीवर सुरू केली की मी थांबत नाही. लोक थांबतात का, ते मी कधी बघितलं नाही.

आमची लेक स्नेहल इथलीच. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र हिंदीत. तिनं निखिल पसंत केला. मुलगा मराठी, वडील शास्त्रज्ञ, स्वतः अमौसीला विमानतळावर नोकरीला. रविवारी आईवडिलांना घेऊन तो पहिल्यांदा घरी येणार होता.

आदल्या दिवशी स्नेहल म्हणाली, "पापा, एक बात सुनो. निखिल को आवाज़ से तकलीफ़ होती है. कान में चुभती है आवाज़. मतलब हर आवाज़ नहीं, जो एकदम से..."

"समजलं!" मी म्हणालो.

काय समजलं होतं मला? डोंबल! पण मी कामाला लागलो ना!

दाराची घंटा काढली. कुकरला बंदी. स्टीलची ताटं माळ्यावर, त्यांच्या जागी पत्रावळी. खुर्च्या सरकवताना कुरकुरतात, म्हणून त्यांच्या पायांत माझे मोजे चढवले. पंखा खडखड करतो, तो बंद. मे महिना होता हो! लखनौचा मे! बायकोला, सुनंदाला म्हटलं, "बांगड्या काढून ठेव."

"अहो, पाहुण्यांसमोर भुंड्या हातानं जाऊ?"

"लेकीच्या सुखासाठी!"

काढल्या बिचारीनं. राहता राहिली ढोलकी. चुकून कुणाचा धक्का लागून वाजायला नको, म्हणून ती आणि बाजाची पेटी दिवाणावर लांब आडवी ठेवून वर पांढरी चादर घातली. चौकातून आणलेला पांढरा, चिकनच्या भरतकामाचा कुर्ता चढवला आणि घामानं निथळत दारात उभा राहिलो.

पाहुणे आले. मी हात जोडले आणि अगदी श्वासाच्या आवाजात म्हणालो, "या, बसा." सुनंदा म्हणाली, "उन्हातून आलात, आधी गार पाणी घ्या."

निखिलच्या आईनं माझ्याकडे बघितलं. मग सुनंदाचे मोकळे हात बघितले, पत्रावळी बघितल्या, दिवाणावरची चादर बघितली. त्यांचा चेहराच उतरला. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

"कधी झालं हे?" त्यांनीही हळूच विचारलं.

"सकाळीच," मी कुजबुजलो. मला वाटलं, घंटेबद्दल विचारताहेत.

"आजच? आणि तरी आम्हाला बोलावलंत?"

"तुमच्यासाठीच तर केलं सगळं!"

त्या दोन पावलं मागे सरकल्या. निखिलचे वडील जवळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फार त्रास झाला का?"

"त्रास कसला? जुनीच झाली होती. कर्रर्र करायची नुसती. एका झटक्यात निघाली."

त्यांनी डोळे मिटले. उघडले तर पाणी! "आपण जरा शांत उभं राहू या," म्हणाले.

केवढा समजूतदार माणूस! मुलाच्या कानांची किती काळजी! मी लगेच ताठ उभा राहिलो. सुनंदाही उभी राहिली. दिवाणाकडे तोंड करून आम्ही सगळे स्तब्ध. शेवटी तर व्याह्यांनी माझ्या ढोलकीला वाकून नमस्कार केला. म्हटलं, वा, कलेची कदर आहे घरात!

तेवढ्यात स्नेहल सरबताचा ट्रे घेऊन आली. "अरे, ये क्या हो रहा है? सब खड़े क्यों हैं?"

"बेटा," निखिलची आई गहिवरून म्हणाली, "कोण होत्या गं तुझ्या?"

"कौन?"

त्यांनी चादरीकडे बोट केलं. स्नेहलनं पुढे होऊन चादर ओढली. खाली ढोलकी आणि पेटी!

पुढे काय झालं विचारू नका. स्नेहल डोक्याला हात लावून मटकन बसली. व्याही आधी लाल झाले, मग जे हसत सुटले ते चष्मा काढून डोळे पुसेपर्यंत. मीही हसलो. पण तोंडावर हात ठेवून, आवाज न करता!

"पापा!" स्नेहल म्हणाली, "मेरी बात पूरी सुनी थी आपने?"

इतका वेळ कोपऱ्यात अवघडून उभा असलेला निखिल आता बोलला. "काका, खरं सांगू? आवाज सांगून आला तर मला चालतो. विमान केवढं ओरडतं! पण ते येताना दिसतं, तोपर्यंत मी तयार होतो. दचकवणारे आवाज नकोत. आणि..." तो अडखळला. "कुजबूज नको. कानात सुई फिरवल्यासारखं होतं."

म्हणजे मघापासून मी पोराला सुया टोचत होतो!

"मी तर तुमचं गाणं ऐकायला आलोय," तो म्हणाला. "स्नेहलनं सांगितलंय. सहन नाही झालं तर कानात घालायला बोळे आहेत खिशात."

मला आणखी काय पाहिजे? पंखा सुरू केला, ढोलकी मांडीवर घेतली. आता मात्र जरा अक्कल आली होती. "ही पहिली थाप बघ," म्हटलं, आणि हळूच वाजवली. निखिलनं हात पुढे केला, तर मी ढोलकीच्या लाकडावर ठेवू दिला.

हळदीचं गाणं ते. कधी आत्या हळद लावते, कधी मामी, कधी मावशी. नातं बदलतं, बाकी ओळ तीच. दोन कडवी निखिल खांदे आवळून बसला होता. तिसऱ्याला खांदे खाली आले. चौथ्याला त्याचे ओठ हलायला लागले. आणि मावशीच्या कडव्याला पोरगा माझ्याबरोबर गात होता हो! खिशातले बोळे खिशातच.

"कसं वाटलं?" गाणं संपल्यावर मी विचारलं. चक्क विचारलं, आणि उत्तराची वाटही बघितली.

"सुरुवातीला जिना अंधारात चढल्यासारखं," तो म्हणाला. "मग कळलं, सगळ्या पायऱ्या सारख्याच आहेत. मग पाय आपोआप पडायला लागले. लग्नात हेच गा काका. फक्त लाउडस्पीकर नको."

व्याही टाळी वाजवणार होते, मुलाकडे बघून त्यांनी नुसते हात हलवले. जमलं म्हणायचं! माझी छाती फुगली. सुनंदाकडे वळून म्हणालो, "बघितलंस? माझ्या आवाजानं लग्न जमवलं! नाहीतर तुला वाटतं..."

"मला काय वाटतं ते आज सांगते," ती बांगड्या चढवत म्हणाली. "संसारात पहिल्यांदा, तुम्ही कुजबुजत होतात तेवढा वेळ, मला माझं एक वाक्य शेवटपर्यंत बोलता आलं. निखिल बेटा, तू रोज येत जा."