प्रांजलची दुपारची झोप

जानकीने आपल्या अडीच वर्षांच्या लेकीची झोप स्वतःच्या कामावर बेतली होती. नवरा रात्रपाळीला. ती सकाळी साडेसहाला मुलुंडच्या टेकडीवरच्या खोलीतून निघायची, नाहूरच्या चार घरांत पोळी-भाजी करायची आणि रात्री आठला परतायची. म्हणून शेजारच्या द्रौपदीकाकूंना तिने बजावून ठेवलं होतं, "प्रांजलला दुपारी पाचपर्यंत निजू द्या." दुपारी झोपलेली पोर रात्री दहापर्यंत टक्क जागी. तेवढे दोन तास जानकी आई असायची.

पण प्रांजल अंगणवाडीत पेंगायची. तिथल्या विमलाबाईंनी 'लवकर निजे, लवकर उठे' काकूंना दोनदा ऐकवलं. काकू भोळ्या, बाई शिकलेली म्हणजे खरंच सांगणार.

सोमवारी जानकी आली तर प्रांजल गाढ झोपलेली.

"चेडवाक दुपारी निजवू नको म्हणाली बाय," काकू कौतुकाने म्हणाल्या. "म्हणान दिवसभर खेळवलंय. सातालाच निजला बघ."

जानकीचे ते दोन तास गेले. पण काकूंना बोलायची सोय नाही. इतकं जीव लावून पोर सांभाळणारं माणूस शोधून मिळत नाही. आणि झोपल्या पोराला उठवू नये, असं तिची आई सांगायची. तिने नुसतं पांघरूण सारखं केलं. मंगळवारी तेच, बुधवारी तेच. पोराची झोप पुस्तकातल्यासारखी झाली की आईच्या वाट्याला पांघरूण उरतं, हे शिकलेल्या बायकांना कोण सांगणार?

गुरुवारी रात्री तिने ठरवलं, उद्या काकूंशी स्पष्ट बोलायचं.

शुक्रवारी पहाटे पाचला ती कणीक मळत बसली होती. पाठीला काहीतरी टेकलं. चार दिवसांत पोरीची झोप पुरी झाली होती. प्रांजल डोळे चोळत उभी होती.

"आई, मला गोळा," तिने हात पुढे केला.

दोघींनी मिळून एक चिमणी लाटली, मग एक हत्ती. हत्तीची सोंड तव्यालाच चिकटली म्हणून प्रांजल रुसली आणि सोंड खाऊन हसली. जानकीला इतका आनंद झाला की घड्याळाकडे बघायचं राहूनच गेलं.

निघताना लेक काकूंच्या कडेवर देत ती म्हणाली, "काकू, दुपारी निजवू नका हां हिला."

नाहूरला अर्धा तास उशीर झाला. पहिल्या घरच्या क्षमाताईंनी दार उघडलं.

"काय गं, झोप लागली होती का?"

"हो ना ताई," जानकी म्हणाली आणि बाहीवरचं पीठ झटकत ओट्याकडे गेली.