थिजलेलं कुलूप

आखाडा बाळापूरजवळच्या तांड्यावर वसराम राठोडची जीप म्हणजे सगळ्यांचीच जीप. दवाखाना असो की सोयरीक, वसराम कुणाला न्हाई म्हणत नसे. जीप मात्र म्हातारी झाली होती. मागचं दार गंजून बसलेलं, डावं दार फक्त आतून उघडायचं. म्हणजे सगळा कारभार चालकाच्या दारावर.

त्या जानेवारीत कडाक्याची थंडी पडली आणि तेच दार रोज सकाळी उघडेना. चावी अर्धी आत जायची नि अडकायची. वसराम अर्धा अर्धा तास झटायचा. ऊन चढलं की दार निमूट उघडायचं, त्यामुळे दुरुस्तीला न्यावी तर मिस्त्री हसायचा. कुलपात एरवीही अधूनमधून खोबरेल तेल सोडणारा वसराम आता चिडून रोज संध्याकाळी सोडू लागला. दुसऱ्या दिवशी दार आणखीच घट्ट. तू जीप धुतलीस, कुलपात पाणी गेलं, असं म्हणून तो चार दिवस बायकोवर, रूपाबाईवर, राग काढत होता.

पाचव्या दिवशी शेजारच्या गावातल्या भागूबाईची करुणा पहाटे साडेपाचलाच येऊन उभी राहिली. तिची पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती, सातला हिंगोलीत पोचायचं होतं आणि त्या वेळेला एसटी नव्हती.

दार उघडेना. वसरामने फुंकर मारली, लाथ मारली, चावी वाकायला आली. जमलेल्या प्रत्येकाकडे एकेक सल्ला होता. करुणा घड्याळ बघत होती, तसा त्याचा संताप वाढत होता. शेवटी त्याने काच फोडायला दगड उचलला.

रूपाबाईने त्याच्या हातातून चावी काढून घेतली. चुलीतल्या निखाऱ्यावर चिमट्याने धरून तापवली आणि कुलपात घातली. तिसऱ्या खेपेला चावी फिरली. कुलपातून वितळलेलं तेल ओघळलं.

“काका, खोबरेल थंडीत थिजतं,” करुणा म्हणाली. “आमी तर बाटली चुलीजवळ ठेवतो.”

वसरामने तिला आत बसवून जीप सुरू केली. हिंगोलीपर्यंत त्याने गाडी अशी हाणली, की करुणाने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला. मैदानाचं फाटक बंद व्हायला पाच मिनिटं होती. ती आत पळाली. तो तारेच्या कुंपणाबाहेर उभा राहून पाठीवर नंबर लावलेल्या पोरींत करुणा कुठली ते शोधत राहिला, पण इतक्या लांबून त्याला काही ओळखू येईना. दुपारी ती लंगडत बाहेर आली. धावण्यात पास झाली होती, गोळाफेकीचे गुण कमी पडले होते. यादी लागल्यावर कळेल, म्हणाली.

संध्याकाळी त्याने रॉकेलने कुलूप धुतलं. मग चुलीसमोर बसून रूपाबाईला सांगितलं, “पाणी न्हवतं. माझंच तेल होतं.”

“दुसऱ्याच दिशी कळलं होतं मला,” ती भाकरी थापत म्हणाली. “पण तुमी ऐकून घ्यायच्या अवस्थेत कुठं होता?”