पडद्यात माणूस काढायचा नसतो

पेंटरभाऊंची आणि माझी पहिली भेट माझ्या चुकीमुळे झाली.

पेंटरभाऊ म्हणजे श्री. सदाशिवजी कोडापे. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटके लागतात. त्या नाटकांमागे महाल, रस्ता, कोर्ट, जंगल असे जे पडदे सुटतात, ते आयुष्यभर यांनी रंगवले. एवढा रुंद कपडा बाजारात मिळत नाही. मादरपाटाच्या जाड कपड्याचे पन्हे एकाला एक उभे जोडावे लागतात. ते जोडायचे काम माझ्या शिलाई मशीनवर आले तेव्हा पहिल्याच पडद्यात एक शिवण मधूनच तिरपी गेली. मी तसाच पोचवला आणि आता हे काम सुटले असे धरून बसले.

आठ दिवसांनी पेंटरभाऊ स्वतः दारात आले. त्यांनी तोंड उघडायच्या आत मी सुरू झाले, "कपडाच सरकत होता भाऊ, मी काय करू?"

"पाहाले चला," एवढेच ते म्हणाले.

जंगलाचा पडदा होता. प्रत्येक सरळ शिवणीवर त्यांनी सागाचे खोड उभे केले होते. शिवण शोधूनही सापडेना. आणि माझ्या तिरप्या शिवणीवर मोहाचे एक कलते झाड होते.

"पुढच्या बारीले बी एक अशीच येऊ द्या बाई," ते म्हणाले. "सरळ झाडं काढून काढून कटाळा येते."

गावातल्या लोकांनी सगळ्या पडद्यात त्याच झाडाचे कौतुक केले. चूक माझी होती हे भाऊंनी कोणाला सांगितले नाही. मीही सांगितले नाही. आज लिहिते आहे, कारण आता मला कोणी कामावरून काढणार नाही.

भाऊ रंग दुकानातून आणत, पण कोणता आणायचा ते रानात जाऊन ठरवत. धानोऱ्याकडच्या जंगलात एकटेच जात आणि दिवसभर बसून येत. सोबत कागद नाही, पेन्सिल नाही. मी विचारले तर म्हणाले, "कागद नेला का डोये कागदातच राह्यतेत." एकदा वनरक्षकाने त्यांना पकडले. रिकाम्या हाताने रानात बसलेला माणूस त्याला पटेना. "लाकूड कुठी लपवलं?" तो विचारत राहिला. "लाकूड नाई साहेब, पळस पाहून राह्यलो," असे भाऊ सांगत राहिले. शेवटी त्याने भाऊंचे तोंड हुंगले. दारूचा वास येईना तेव्हा तो जास्तच घाबरला आणि त्यांना रस्त्यापर्यंत सोडून गेला. ही गोष्ट सांगताना भाऊ हसत. त्यांना हसताना मी फार वेळा पाहिलेले नाही.

त्यांच्या कामाचा एक कायदा होता. पडद्यात माणूस काढायचा नाही. गोंडपिपरीकडच्या एका मंडळाचे अध्यक्ष आले आणि म्हणाले की दरबाराच्या पडद्यात सिंहासनावर माझा चेहरा टाका. भाऊंनी हात जोडले. म्हणाले, "तुमी नाटकात काम करा, पडद्यापुढं उभे राहा. पडद्यात माणूस काढला का तो हालत नाई, आन् मंग पुढचा हालनारा खोटा दिसते." अध्यक्ष रागाने गेले आणि फ्लेक्सवाल्याकडून आपले तोंड छापून आणले. पुढे बाकीचेही तिकडेच गेले.

सुमनबाई, त्यांच्या घरच्या, वारल्या तेव्हा मी भाऊंना भेटायला गेले. मला रडणे-समजावणे जमत नाही. मी म्हटले, "भाऊ, जंगलाच्या पडद्यात एका कोपऱ्यात काढा सुमनबाईले. एवढीशी. पान्याले चालली असन. कोन पाह्यते?"

"मी पाह्यतो ना बाई," ते म्हणाले.

त्यांनी काढल्या नाहीत.

बंद पडलेल्या नाटक कंपन्यांनी आपापले पडदे त्यांच्याकडे परत आणून टाकले. गुंडाळून ठेवले तर उंदीर खातात, म्हणून भाऊंनी ते घरातच भिंतींवर सोडले आहेत. महालापुढे बसून ते जेवतात. रस्त्याच्या कडेला त्यांची खाट आहे. कोर्टात कपडे वाळत असतात. घर भरलेले दिसते, पण आत गेले की चहा विचारायला दुसरे माणूस नाही. यंदा नाटकांचा हंगाम तोंडावर आला तरी एकाही मंडळाने पडदा सांगितला नाही. भाऊंनी ब्रश धुऊन, सुकवून, फडक्यात बांधून ठेवले. असे त्यांनी आधी कधी केले नव्हते.

आणि अशात भाऊंच्या सत्कारासाठी आपली समिती झाली. समितीचे सचिव माझ्याकडे गौरवग्रंथासाठी लेख मागायला आले आणि सांगू लागले की स्टेजच्या मागे मोठा फ्लेक्स लागणार, त्यावर भाऊंचा फोटो.

"पडदा काढनाऱ्याच्या सत्काराले फ्लेक्स?"

"आजी, पडदा आनाचा, बांधाचा, कोन करन? फ्लेक्स दोन घंट्यात येते."

"बरं. मंग त्या एवढ्या मोठ्या तोंडापुढं आमचे भाऊ खुर्चीत बसतीन, तर कोनता माणूस खरा दिसन?"

सचिव मास्तर आहेत, वहीत काहीतरी लिहू लागले. मी सांगितले की पडदा लागणार असेल तर लेख देते, नाहीतर देत नाही. हा लेख तुमच्या हातात आहे त्यावरून काय ठरले ते समजून घ्या.

मग मी भाऊंकडे गेले. म्हटले, "पडदा पाह्यजे. नवा. कपडा मी शिवतो."

त्यांनी विचारले, "नाटक कोनाचं?"

"नाटक नाई. तुमचाच सत्कार हाय."

"मंग पुढं कोन उभं राह्यते?"

"तुमी."

भाऊंनी समोरच्या महालाकडे पाहिले. म्हणाले, "एकट्या माणसापुरता एवढा मोठा पडदा काऊन पाह्यजे बाई?"

मला तोंडावर उत्तर देण्याची सवय आहे. त्या दिवशी मी सरळ उठले. घरी येऊन मशीनवर बसले आणि कपडा शिवून त्यांच्या ओट्यावर ठेवून आले. परवा पाहिले तर तो त्यांनी ताणून बांधला होता आणि त्यावर रंगाआधीचा सरस चढवला होता. रंग अजून एकही नाही. ब्रशचे फडके मात्र सुटलेले होते.

म्हणून हा ग्रंथ वाचणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे. सत्काराच्या दिवशी हार घालून, फोटो काढून लगेच खाली उतरू नका. बायापोरांना घेऊन स्टेजवर या. नाटकात कामे केलेली असतील त्यांनी या, नसतील केली त्यांनीही या, आणि गर्दी करून उभे राहा. पेंटरभाऊंची तब्येत चांगली राहो, डोळे शाबूत राहोत, हात थरथरू नये, शंभरी त्यांनी बसल्या जागी नाही तर ब्रश धरून गाठावी. एवढे देवाकडे मी मागून घेते. माणसे मात्र देव पाठवत नाही, ती आपल्या पायांनी यावी लागतात.

— शेवंताबाई, शिलाईवाल्या