उंटिणीचं पिल्लू, वटवाघळाचं पिल्लू

एक हात उंच धरून मनगट वाकवलं की उंट, दुसरा खाली लोंबता सोडला की वटवाघूळ. अशा अवतारात आमच्या जळगाव जामोदच्या शाळेतले विज्ञानाचे सर वर्गात उभे राहत आणि विचारत, "सांगा बे, कोन कोनाले हसन?" पोरं खिदळत. शेजारच्या वर्गात मी भूगोल शिकवायची आणि माझ्या वर्गाचे कान भिंतीला लागलेले असत. आता तुम्हीच सांगा, कुणाचा जीव जळणार नाही?

त्यात माझी मुलगी त्यांच्याच वर्गात, सातवीत. माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलणारी ही पोर जेवायला बसली की सुरू व्हायची, "आई, सर म्हणे..." वरणभातावर तुपाऐवजी रोज सरच.

एकदा गावाबाहेर गुजरातकडचे मेंढपाळ उतरले. सर अख्खा वर्ग घेऊन त्यांचे उंट बघायला गेले आणि परतताना चिंचेवर उलटी लटकलेली वटवाघळं दाखवून आले. दुपारी स्टाफरूममध्ये चहा घेताना मला म्हणाले, "मॅडम, दोघींलेही एकच पिल्लू. पण उंटिणीचं जलमल्या दिवशीच चालाले लागते. वटवाघळाची माय लेकराले पोटाशी धरूनच उडते, झेपन तवरी सोडत नाही. म्या पोरायले पुसलं, कोनाच्या पोटी जलम घ्यान? तुमची पोरगी उंट म्हने."

सगळे हसले. मीही हसले, पण आतून पेटले होते.

घरी येऊन मुलीला विचारलं, "उंट काऊन?"

"मले चालता येते न, आई," ती म्हणाली आणि दप्तर आवरायला लागली.

यंदाच्या उन्हाळ्यात सरांची जानेफळला बदली झाली. खरं सांगते, मला बरं वाटलं. मुलीनं हट्ट धरला म्हणून बसस्टँडवर गेले. तिचे डोळे भरलेले, माझे कोरडे. सर सीटवर पिशवी ठेवून खाली उतरले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, मले तुमचा लय हेवा वाटे. माह्या वर्गातलं सारं तुमच्या घरी जेवताना निंगते. माही पोरगी तिच्या मायजवळ नागपूरले राह्यते. जेवताना कोनाचं नाव घेते, मले नाही मालूम."

कंडक्टरनं बेल दिली, सर चढले. गाडी निघाली तशी मुलगी हात हलवत फाटकापर्यंत धावली. माझ्यामागं ती अशी कधीच धावली नव्हती. धावणार तरी कशी? मी तिला सोडून कुठं गेलेच नव्हते.