मनकर्णाबाईची खांदशेकणी

तिवशाजवळच्या नत्थुजींचा जीव बायकोपेक्षा बैलांवर जास्त, असं गाव म्हणायचं. गावाला काय, बोलायला काहीतरी लागतं! मनकर्णाबाईचा खांदा दुखायला लागला तेव्हा ह्याच माणसाच्या तोंडचं पाणी पळालं.

उन्हाळ्यात पऱ्हाटीचा, कपाशीच्या वाळल्या झाडांचा, भारा उचलताना तिच्या उजव्या खांद्यात चमक भरली, ती गेलीच नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी नत्थुजींनी बैलांची खांदशेकणी केली. वर्षभर जू ओढून आलेले खांदे हळद-लोण्यानं चोळले, ऊन पाण्यानं शेकले. उरलेलं लोणी घेऊन ते घरात आले आणि बायकोचाही खांदा तसाच शेकला. वर फर्मान काढलं, की खांदा सुजून आलेल्या बैलाला कोणी जुंपत नाही, तेव्हा हिनंही आता हात हलवायचा नाही. पाणी, दळण, झाडलोट, सगळं सून सिंधूकडे गेलं. मनकर्णाबाई सुखावली. जन्मात कधी कुणी तिला बसवून खाऊ घातलं नव्हतं हो!

संक्रांतीपर्यंत हात असा आखडला, की मागे कमरेकडे जाईचना. लुगड्याचा कासोटा मागे खोचायचा कसा? तो सिंधू खोचून द्यायची आणि सासू लाजेनं अर्धी व्हायची. अमरावतीच्या डॉक्टरनं सगळं ऐकून कपाळाला हात लावला. हलवला नाही म्हणूनच खांदा धरला, असं तो नत्थुजींना फाडकन बोलला. आता रोज भिंतीवर बोटं चढवत हात ताणायचा. पण पूर्ण सुटेलच असं नाही.

मनकर्णाबाईच्या डोळ्यांपुढे एकच होतं, सीतादही. कापूस वेचायच्या आधी घरच्या बाईनं वावरात पूजा करायची आणि उजव्या हातानं दहीभात चहूकडे उधळायचा. गेल्या साली आरामापायी तिचं ते हुकलं होतं. यंदा ती दातओठ खाऊन भिंतीला भिडली. बोटं पोचतील तिथं कुंकू लावायची. आज टिकली वर, उद्या तिथंच, परवा चक्क खाली. रडायची अन् पुन्हा ताणायची. दसऱ्याला सिंधूनं भिंती सारवल्या, तेवढा पट्टा मात्र सोडला.

सीतादहीच्या सकाळी तिनं सिंधूला पुढं पाठवलं. आज कासोटा आपणच खोचणार म्हणाली. दार लोटून ती किती वेळ झगडली, तिलाच ठाऊक. पदर घामानं भिजला, कासोटा काही मागे पोचेना. बाहेर बैलबंडी जुंपून नत्थुजी खोळंबले होते.

"अजी, आत या जरा."

नत्थुजींनी आपलं धोतर खोचावं तसा तिचा कासोटा नीट खोचून दिला. मग तिथंच उभे राहिले.

"म्या तुले बसवलं नसतं त..."

"तुमी मायेनंच केलं न जी," ती म्हणाली. "आता मी चिडू तरी कोनावर?"

वावरात पूजा झाली. मनकर्णाबाईनं मूठ भरली, सगळा जीव एकवटून हात उचलला. तो छातीच्या वर काही गेला नाही. भात तिच्याच पायांवर पडला. तिनं दहीभाताची वाटी सिंधूच्या हातात दिली.

सिंधूनं फेकलेला भात दूर कपाशीत जाऊन पडला. नत्थुजी उगाच बैलांकडे गेले आणि त्यांचे खांदे चाचपत राहिले. मनकर्णाबाई खाली बसून पायावरची शितं डाव्या हातानं वेचू लागली.